थांबणारी चाके

ऐन युद्धात कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. चाकाविषयीचे आपले सारे भय या एका प्रसंगात साठलेले आहे. चाक रुतू नये, गाडे अडू नये, एवढीच आपली प्रार्थना. भाषाही याचीच साक्ष देते. कामाचा खोळंबा झाला की आपण 'गाडे अडले' म्हणतो आणि संसार कष्टाने चालवणाऱ्याला 'गाडा ओढतो' म्हणतो. काळ्या मातीच्या आणि पावसाळी चिखलाच्या मुलखात जी भाषा वाढली, तिला चाक रुतण्याची धास्ती वाटावी हे स्वाभाविकच होय. परंतु चाक थांबवावेसे वाटले आणि ते थांबेचना, तर काय, या भयाची आपल्याला फारशी सवय नाही. ते भय बर्फाच्या प्रदेशातले आहे. आणि २०२४ सालच्या हिवाळ्यात ते आमच्या ग्वाल्हेरच्या घरात अनाहूतपणे येऊन बसले.

त्याचे असे झाले. आमचे जावई बँकेत आहेत. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांची बदली हिमाचल प्रदेशातील केलाँग येथे झाली. केलाँग हे लाहौल-स्पिती जिल्ह्याचे मुख्य ठाणे. उंची दहा हजार फुटांहून अधिक. कन्या आणि तीन वर्षांचा नातू त्यांच्यासोबत गेले. गाडी त्यांच्यापाशी होतीच. मारुतीची जिम्नी, भारतात २०२३ साली विक्रीस आलेली, लहानखुरी, चौकोनी बांध्याची, हवी तेव्हा चारही चाकांना इंजिनाचे बळ देणारी. आप्तांपैकी ज्यांनी ज्यांनी हे ऐकले, त्यांनी त्यांनी समाधानाने मान डोलावली. "फोर-बाय-फोर आहे ना, मग चिंता कसली?" हे वाक्य त्या उन्हाळ्यात मी इतक्या वेळा ऐकले की ते एखाद्या आरतीच्या ध्रुवपदासारखे कानात बसले.

चिंता मात्र सौ.ला होती. ती यंत्रांतले काही जाणत नाही, असे आपण समजतो. परंतु तिने विचारलेला प्रश्न इतर कोणीही विचारला नव्हता. ती म्हणाली, "अहो, ती गाडी चढते किती, हे सगळे जण सांगतात. उतारावर थांबते का, तेवढे मला सांगा."

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी टायर या विषयाचा विद्यार्थी झालो. पन्नाशी उलटल्यावर नवा विषय हाती घेण्याचा आनंद वेगळाच असतो. येथे तर परीक्षेला बसणारी माणसे आपल्याच घरातली होती.

फोर-बाय-फोर म्हणजे काय, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. साध्या गाडीत इंजिनाचे बळ दोन चाकांना मिळते, या गाडीत ते चारही चाकांना देता येते. म्हणून दोन चाके बर्फात भिरभिरू लागली तरी उरलेली दोन तिला ओढून काढतात. कर्णाच्या संकटावरचा हा अस्सल तोडगा आहे यात शंका नाही. परंतु ब्रेक? ब्रेक तर प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतात. थांबण्याच्या बाबतीत ही गाडी आणि शेजाऱ्यांची साधी गाडी यांत फरक नाही. उतारावर खालचा गिअर घातला, तर इंजिनाचा अडसर चारही चाकांना सारखा लागतो, एवढा फायदा खरा. पण तो अडसरही अखेर रस्त्यावर पोहोचतो तो टायरमधूनच. टायरने रस्ता सोडला, तर ब्रेकचे, इंजिनाचे आणि चालकाच्या कौशल्याचे काहीच रस्त्यापर्यंत पोहोचत नाही.

आणि हा टायर रस्त्याला धरतो तरी किती? बाराशे किलोंच्या या गाडीचा प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो सुमारे आपल्या हाताच्या पंजाएवढ्या जागेत. असे चार पंजे. त्यांच्या भरवशावर आपण आपले सर्वस्व गाडीत बसवून घाटात पाठवतो.

आमच्या शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांनी मला फळ्यावर हिशोब करून दाखविला. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक दाबल्यापासून सुमारे ९ मीटरांत थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर घर्षण एक तृतीयांशाच्या आसपास येते, आणि तेच अंतर २५ मीटरांवर जाते. रस्त्यावर पाणी गोठून काचेसारखा थर झाला असेल, तर ६० मीटरांहूनही अधिक. हा सपाट रस्त्याचा हिशोब. उतार आला की याहून वाईट. घाटातील वळण मात्र ६० मीटर वाट पाहत नाही. बर्फ फार थंड असतो तेव्हा तो त्यामानाने कमी निसरडा असतो. शून्य अंशाच्या आसपास, वर पाण्याचा पातळ पदर सुटू लागला की तो सर्वांत घातकी होतो. म्हणजे हिमवर्षाव चालू असतानाची दुपार जितकी भयंकर दिसते, त्याहून दुसऱ्या दिवशीची स्वच्छ, उन्हाची, हसरी सकाळ अधिक भयंकर असू शकते. डोंगराच्या सावलीतले वळण, रस्त्यावरून वाहणाऱ्या ओहोळाची जागा, पुलाचा पृष्ठभाग, ही त्या काळ्या बर्फाची आवडती ठिकाणे. तो काळा नसतो. पारदर्शक असतो, खालचे डांबर दिसते, आणि म्हणूनच तो दिसत नाही.

दसऱ्याच्या सुटीत मी केलाँगला गेलो. बर्फ अजून पडायचा होता, पण पहाटेची थंडी हाडांपर्यंत जाई. कन्येच्या घराखाली एक लाहौली टॅक्सीवाला गाडी लावीत असे. माझे प्रश्न ऐकून त्याने फारसे व्याख्यान दिले नाही. पहाटे त्याने मला खाली बोलावले, आमच्या गाडीच्या टायरवर अंगठ्याचे नख दाबायला सांगितले आणि मग स्वतःच्या गाडीच्या टायरवर. आमचा टायर पाटीसारखा कडक लागला. त्याचा त्याच थंडीत किंचित दबला. "बस, मास्टरजी, इतनी सी बात है," एवढेच तो म्हणाला. नखाची परीक्षा ही काही शास्त्रीय परीक्षा नव्हे. पण जी गोष्ट पुढे मी वाचून समजून घेतली, तिचा गाभा त्या अंगठ्याखाली होता.

रबर हा पदार्थ तापमानाप्रमाणे स्वभाव बदलतो. आपल्याकडच्या उन्हात टिकावा म्हणून बनविलेला टायर थंडीत ताठरतो. टायर बनविणारे यासाठी ७ अंश सेल्सिअसची सीमारेषा सांगतात. तिच्याखाली साध्या टायरची पकड कमी होत जाते, मग रस्त्यावर बर्फ असो वा नसो. हिवाळी टायरच्या मिश्रणात नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण असे राखलेले असते की थंडीतही तो मऊ राहावा. त्याच्या नक्षीवर शेकडो बारीक चिरा असतात. या चिरांच्या कडा बर्फाला ओरखडतात आणि वितळलेल्या पाण्याचा पातळ पदर बाजूला सारतात. फिनलंडमधील एका कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी आणि १९३६ साली मोटारींसाठी असे खास हिवाळी टायर बनविले, तेव्हापासून ही विद्या वाढत आली आहे.

हे वाचताना माझ्या मनात पानिपत उभे राहिले. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाच्या मनात ते केव्हाही उभे राहते, कारण त्या संहारातून पायाने अधू होऊन परतलेल्या महादजींमुळेच आपण पुढे येथे रुजलो. १७६० च्या अखेरीस दख्खनची फौज उत्तरेच्या हिवाळ्यात अडकून पडली, ती अन्नावाचून आणि पुरेशा उबदार वस्त्रांवाचून. शौर्यात उणे काही नव्हते. पण जे दख्खनमध्ये पुरत होते ते तेथे पुरले नाही. उन्हाळी टायर हे असे दख्खनी वस्त्र आहे. त्यात दोष काही नाही. ते दुसऱ्या मुलखासाठी विणलेले आहे, इतकेच.

आता निवडीचा प्रश्न. कारखान्यातून गाडीसोबत आलेले टायर १९५/८० आर १५ या मापाचे, आणि जातीने एच/टी, म्हणजे मुख्यतः पक्क्या रस्त्यासाठीचे. इंदूरच्या पुतण्याने आग्रहाने सुचविले की एम/टी, म्हणजे चिखलाचे टायर घाला. ते दिसतात मोठे मर्दानी. नक्षीचे ठोकळे जणू किल्ल्याचे बुरूजच. ग्वाल्हेरच्या टायरवाल्यानेही ते पुढे ठेवले आणि म्हणाला, "मास्टरसाब, यह तो चट्टान पर चढ़ जाएगा." पुन्हा चढण्याचीच गोष्ट! हे टायर चिखलात आणि भुसभुशीत, खोल बर्फात उत्तम वाट काढतात. पण दाबून घट्ट झालेल्या बर्फावर आणि गोठलेल्या पाण्यावर त्यांचे मोठे, गुळगुळीत माथ्याचे ठोकळे घसरतात, कारण त्यांच्यावर बारीक चिरा जवळजवळ नसतात. केलाँगच्या वर्दळीच्या रस्त्यावर तर बर्फ दाबलेलाच असणार.

खरा हिवाळी टायर घ्यावा, तर तो आपल्याकडे सहजी मिळत नाही. मागणी अल्प, आणि परदेशी टायरांच्या आयातीवर २०२० पासून परवान्याचे बंधन. शिवाय असा टायर मैदानात उतरला की उन्हाने झपाट्याने झिजतो. म्हणजे टायरांचे दोन संच, आणि ऋतूप्रमाणे अदलाबदल. कोणी कोठून तरी जुने परदेशी टायर आणून देऊ केले, तर त्यांचे वय पाहावे. टायरच्या कुशीवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३१५ असे असेल तर तो टायर २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कितीही कोरी दिसो, रबर म्हातारे झाले की मऊपणा जातो, आणि हिवाळी टायरचे सारे सत्त्व त्या मऊपणातच असते.

उरला मधला मार्ग, ए/टी, म्हणजे सर्व प्रकारच्या भूमीवर चालणारा टायर. पण त्यातही तारतम्य हवे. अनेक टायरांवर एम आणि एस ही अक्षरे असतात; चिखल आणि बर्फ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. वाचणाऱ्याला वाटते, झाले, बर्फाचा टायर मिळाला. प्रत्यक्षात ती अक्षरे केवळ नक्षीच्या घडणीकडे पाहून कारखानदार स्वतःच कोरतो. त्यासाठी बर्फावर परीक्षा द्यावी लागत नाही. शाळेतल्या भाषेत सांगायचे तर हे स्वतःच स्वाक्षरी केलेले प्रशस्तिपत्र होय. याउलट तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा कण, असे एक छोटे चित्र काही टायरांच्या कुशीवर असते. ते मिळविण्यासाठी ठरलेल्या नमुना-टायरपेक्षा बर्फावर निश्चित प्रमाणात अधिक पकड सिद्ध करावी लागते. हे मंडळाच्या परीक्षेचे प्रमाणपत्र. तरी त्याचीही मर्यादा ध्यानी ठेवावी. परीक्षा पडलेल्या बर्फावरची आहे, गोठलेल्या पाण्यावरची नव्हे. आरशासारख्या थरावर कोणताच टायर पूर्ण भरवशाचा नाही. तेथे लोखंडी साखळीच हवी.

दिवाळीला मुले ग्वाल्हेरला आली तेव्हा हा सारा विचार करून आम्ही त्या डोंगराच्या चित्राचे ए/टी टायर घेतले. माप २१५/७५ आर १५. मूळ मापापेक्षा ते २० मिलिमीटरांनी रुंद, पण व्यासात अवघा एक सेंटिमीटर अधिक. जावईबापूंना याहूनही रुंद टायर आवडले होते; तसे पुष्कळ लोक घालतात, गाडीला रुबाब येतो. परंतु बर्फात अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या कठीण भूमीपर्यंत पोहोचतो, रुंद टायर वरच तरंगू पाहतो, आणि कमानीत साखळीला जागाही उरत नाही. मी हे सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, "बाबा, तुम्ही म्हणता तसेच करू, रुबाब उन्हाळ्यात पाहू."

टायर चार नव्हे, पाच घेतले. ही उधळपट्टी नव्हे. चारही चाके इंजिनाला एकत्र जोडलेली असताना एखादे चाक इतरांहून लहान वा मोठे असेल, तर त्याचा ताण आतल्या दातेरी चक्रांवर येतो. म्हणून चारही टायर एका जातीचे, एका मापाचे, सारखे झिजलेले हवेत, आणि स्टेपनीही त्यांच्याच कुळातली. याच कारणाने कोरड्या रस्त्यावर ही गाडी दोन चाकांवरच चालवायची असते. दोनच टायर बदलून पैसे वाचविण्याचा विचार तर मुळीच करू नये. पुढची चाके थांबली आणि मागची थांबली नाहीत, तर गाडी गरकन फिरते.

हवेविषयीही एक गमतीची गोष्ट कळली. ग्वाल्हेरच्या २५ अंशांत भरलेली हवा केलाँगच्या उणे १० अंशांत आकसते आणि दाब सुमारे ५ पौंडांनी उतरतो. पण उंचीवर बाहेरच्या वातावरणाचाच दाब कमी असल्यामुळे मापकावर सुमारे ४ पौंड वाढलेले दिसतात. एक हात काढून घेतो, दुसरा परत करतो. म्हणून घरी बसून अंदाज बांधू नयेत. तेथे पोहोचल्यावर, सकाळी, गाडी हलविण्यापूर्वी मोजावे आणि गाडीच्या दारावर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे राखावे. नक्षी कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत झिजलेली चालते. बर्फात मात्र ४ मिलिमीटरांखाली गेली की तो टायर हिवाळ्यातून निवृत्त झाला असे समजावे.

टायरच्या मापाच्या साखळ्याही घेतल्या, आणि मुले परत निघण्यापूर्वी अंगणात, भर उन्हात, त्या लावण्याचा सराव करविला. बर्फात, अंधारात, बधिर बोटांनी पुस्तिका वाचायची वेळ येऊ नये. कन्येनेही त्या स्वतःच्या हातांनी लावल्या. नातवाने त्यांना 'गाडीचे पैंजण' असे नाव दिले. साखळी लावली की वेग तीस-चाळीसच्या आत, आणि कोरडा रस्ता लागताच ती काढायची, एवढे नियम त्यांनी पाठ केले.

या सर्व खटाटोपानंतरही सौ.च्या प्रश्नाचे उत्तर पुरे झाले नव्हते. ते पुरे झाले ते रोहतांगचा विचार करताना. पूर्वी हिवाळ्यात १३ हजार फुटांवरची ती खिंड बर्फाने बंद होई आणि लाहौल खोरे कित्येक महिने जगापासून तुटे. आपल्या ग्वाल्हेरचे सुपुत्र अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००० साली या डोंगराखालून बोगदा काढण्याचा निर्णय जाहीर झाला. २००२ साली जोडरस्त्याची कोनशिला बसली. आणि ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुमारे ९ किलोमीटरांचा अटल बोगदा वाहतुकीस खुला झाला. आजारी माणसाला हिवाळ्यात खाली आणता येऊ लागले, मुलांची शिक्षणे आणि परीक्षा सुकर झाल्या. हे केवढे मोठे काम! आमची कन्या केलाँगला राहू शकते, ती त्या बोगद्याच्या आधारावर.

परंतु त्याचबरोबर एक गोष्ट नकळत बदलली. पूर्वी 'आज जायचे नाही' हे खिंड ठरवीत असे. आता रस्ता बहुधा खुला असतो, आणि तो निर्णय माणसावर येऊन पडतो. बर्फ पडला की पोलीस फोर-बाय-फोर आणि साखळीवाल्या गाड्यांनाच पुढे सोडतात; ते योग्यच आहे. पण पुढे सोडले याचा अर्थ 'जाणे सुरक्षित आहे' असा नव्हे, तर 'तुमची गाडी रुतून इतरांची वाट अडणार नाही' इतकाच. थांबण्याचे उत्तरदायित्व आपलेच राहते.

पुढे जानेवारीत एका रविवारी मुले मनालीला जाणार होती. नातवाला खोकला होता, औषधे आणायची होती, आणि ग्वाल्हेरहून आम्ही पाठविलेले तिळगुळाचे पार्सल मनालीला येऊन पडले होते. रात्री बर्फ पडून गेला होता आणि सकाळी लख्ख ऊन होते. गाडी सज्ज, टायर उत्तम, साखळ्या मागे ठेवलेल्या. जावईबापू अंगणातून रस्त्यापर्यंत चालत गेले, बुटाने रस्ता चाचपून पाहिला आणि परत आले. खोकल्याचे औषध केलाँगच्याच रुग्णालयातून आणले. कन्येने दूरध्वनीवर आईला सांगितले, "आई, आज आम्ही निघालो नाही. तिळगूळ बुधवारी आणू."

सौ.ने दूरध्वनी ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी ती स्वस्थपणे चहाला बसली. संक्रांत होऊन गेल्यावर आलेला तिळगूळ गोड लागतो का, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "रथसप्तमीपर्यंत चालतो."

आता आपल्या ग्वाल्हेर-इंदूरकडची तरुण मुलेही डिसेंबर आला की बर्फ पाहायला मनालीकडे धाव घेतात आणि त्यांच्याही गाड्या फोर-बाय-फोर असतात. त्यांना जाऊ द्यावे. हिमालय पाहिल्यावाचून राहू नये. फक्त निघण्यापूर्वी त्यांच्या टायरच्या कुशीवर डोंगराचे ते छोटे चित्र आहे का, चार आकड्यांतले वर्ष कोणते, नक्षी किती उरली आहे आणि साखळ्या लावण्याचा सराव झाला आहे का, एवढे वडीलधाऱ्यांनी खाली वाकून पाहावे. आणि परतीचा दिवस ठरविताना एक दिवस हाताशी शिल्लक ठेवायला सांगावे. बर्फाच्या मुलखात तो एक दिवस टायरइतकाच उपयोगी पडतो.